हेडरला गुंडाळलेलं घोंगडं

माझ्या आईची पाठवणी मेंढरांच्या टेम्पोतून झाली. कवठे येमाईहून शिरूरला. ठरवलेली जीप आलीच नाही. जीपवाल्याला त्या दिवशी दुसरीकडे बरं गिऱ्हाईक मिळालं असणार. वऱ्हाड खोळंबलं, ऊन उतरायला लागलं, आणि शेवटी बाजाराला निघालेला एक टेम्पो थांबवून, मागची मेंढरं एका अंगाला दाबून, उरलेल्या जागेत नवरा-नवरी उभी केली. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, मेंढरं आवरायला म्हणून सोबत गेला.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यात कधी काही वावगं वाटलं नाही. ते शिरूर डेपोत एसटीचे ड्रायव्हर. "पोचलो न्हवं शिरूरला?" एवढंच ते म्हणायचे. एसटीच्या माणसाचं प्रवासाकडे दुसरं मागणं नसतंच. आईही त्या दिवसाबद्दल काही बोलायची नाही. पण मामाच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. "आक्काच्या शालूला लेंड्या लागल्या व्हत्या," हे वाक्य मला समजायला लागल्यापासून मी ऐकत आले. त्याच्या मागोमाग दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, "तिच्या लेकीला मी माझ्या गाडीतनं धाडीन. रस्त्याला माणसं उभी ऱ्हातील बघायला!"

ती लेक म्हणजे मी. माझ्या लग्नाची काळजी माझ्या जन्मापासून मामा वाहत होता, आणि त्या काळजीत नवरा कुठेच नव्हता. फक्त गाडी होती.

गाडी त्याला मिळाली तीही नशिबाने. मामा मुंबईत एका म्हाताऱ्या शेठकडे ड्रायव्हर होता. शेठ वारले, मुलं अमेरिकेला गेली. जाताना त्यांनी बंगला विकला, कुत्रा शेजाऱ्यांना दिला आणि गॅरेजातली जुनी अमेरिकन गाडी मामाला दिली. लाल रंगाची, दोन दरवाज्यांची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांब की वळणावर आधी बॉनेट यायचं आणि मग सावकाश मामा. तसल्या गाड्या तिकडे तरणी पोरं शर्यतीला पळवतात म्हणे. आमच्याकडे ती कवठ्याला कांद्याच्या चाळीत उभी राहिली, कारण एवढी लांब वस्तू झाकायला गावात दुसरं छप्पर नव्हतं. त्यामुळे आत बसलं की भाजी फोडणीला टाकल्यासारखं वाटायचं.

पेट्रोल तर ती अशी प्यायची की आप्पा म्हणायचे, "पाव्हणं, पंपावरच बिऱ्हाड करा की. हेलपाटा वाचंल." तसल्या जुन्या गाड्यांत लोक तेव्हा सर्रास डिझेलचं इंजिन बसवायचे. मामालाही तो सल्ला गावातल्या प्रत्येकाने दिला, ज्यांच्याकडे सायकल नव्हती त्यांनीसुद्धा. मामा म्हणायचा, "वाघाला कडबा घालू व्हय?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं. रांजणगावात कारखाने आल्यापासून आमच्याकडे कंपनीतल्या पोरांना भाव आला होता, पण माझं स्थळ त्याहून वरचं निघालं: मुलगा दौंडचा, रेल्वेत. रेल्वेत म्हटलं की पुढची चौकशी आपोआप बंद होते. मुहूर्त वैशाखातला निघाला. मामाने दुसऱ्याच दिवशी गाडी चाळीतून बाहेर काढली, शिरूरपर्यंत आणली आणि आमच्या दारात उतरला तेव्हा त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते. खोकत खोकत म्हणाला, "मेनफोल फुटलाय."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे धाडणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग. त्याला तडा गेला होता आणि धूर मागे जायच्या ऐवजी थेट आत, बसणाऱ्याच्या नाकात येत होता. बीड काही धड सांधत नाही. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा पुढचं गाव येईपर्यंत टिकलं. आप्पा म्हणाले, "एसटीची गाडी बुक करू. पन्नास माणसं जात्याल, धूर बाहीर जाईल." मामा त्यांच्याशी तीन दिवस बोलला नाही.

मग शेठचा नातू सुट्टीला मुंबईत आला. त्याचं लहानपण त्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलेलं. मामाने त्याला जाऊन सगळी कहाणी सांगितली, मेंढरांच्या टेम्पोपासून. पोरगं हळवं होतं. त्याने परत गेल्यावर अमेरिकेहून कोणाच्या तरी सामानातून हेडर धाडले. हेडर म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या पोलादी नळ्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी, अशा चार-चार नळ्या खाली एकत्र येतात. इंजिनाच्या दोन बाजूंना असे दोन झुपके. गाईच्या सडांसारखे दिसायचे. मामाने ते मुंबईहून एसटीत मांडीवर घेऊन आणले. मामीने देवासमोर पाटावर ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. आमच्याकडे कुठलंही नवं यंत्र देवाला दाखवल्याशिवाय कामाला लावत नाहीत. विहिरीवरच्या इलेक्ट्रिक मोटारीला नारळ फुटतो, मग अमेरिकेच्या पाहुण्यांना का नाही?

बसवायचं काम शिरूरला नगर रस्त्यावरच्या चाचांकडे गेलं. चाचा ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवायचे आणि जगात अवघड असं काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. काहीही विचारा, "हो जाएगा." माझी केळवणं चालू होती, उन्हात फिरायचं नाही अशी ताकीद होती, तरी मामाचा डबा पोचवायच्या निमित्ताने मी रोज तिथे जाऊन बसायची. ज्या गाडीतून मला धाडायचं होतं, तिच्या पोटात काय चाललंय ते बघायचा मला हक्क होता असं मला वाटायचं.

डावीकडचा झुपका दुपारपर्यंत बसला. उजवीकडचा काही केल्या बसेना. मामाने तो उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, खालून चढवला, वरून उतरवला. शेवटी चाचांनी बिडी विझवली आणि निदान केलं. अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडे. शेठच्या वडिलांनी मात्र गाडी आल्या आल्या ते उजवीकडे करून घेतलं होतं. हेडर बनवणाऱ्याला हे कोण सांगणार? नळ्या जिथून खाली जायच्या, नेमका तिथूनच स्टेअरिंगचा दांडा जात होता.

"ड्रायव्हरसाब," चाचा म्हणाले, "एक तर स्टेरिंग काढावं लागंल, न्हाईतर नळी कापावी लागंल. बोला, काय काढू?"

मामा खरोखरच विचारात पडला. तेवढ्यात आप्पा ड्यूटी संपवून खाकीतच तिथे आले. ते म्हणाले, "स्टेरिंग काढा. दौंडचा रस्ता सरळच हाय."

नळी कापायचं ठरलं. शेकडो बोकड डोळ्यांसमोर कापलेले बघणारा माझा मामा त्या वेळी तोंड फिरवून उभा राहिला. चाचांनी नळीत वाळू भरली, भट्टीत लाल केली, वाकवली, आणि स्टेअरिंगला वळसा घालून स्टार्टरच्या अगदी अंगावरून खाली नेली. जोड मारून झाल्यावर ते मागे सरून आपल्या कामाकडे बघत म्हणाले, "अमेरिकावाल्याला जमलं नसतं." त्यात खोटं काही नव्हतं. अमेरिकावाला त्या फंदात पडलाच नसता.

सायलेन्सरला जागाच उरली नाही. मोठा बसवला तर तो रस्त्याला घासणार. म्हणून चाचांनी ट्रॅक्टरचा एक बुटका सायलेन्सर नावापुरता लावला आणि धुराचं तोंड दाराखालीच काढलं.

मग मामाने चावी फिरवली. समोरच्या चहाच्या टपरीवरचे ग्लास वाजायला लागले. झाडावरचे बगळे उठले. एक म्हातारी रस्त्यात हात जोडून उभी राहिली. मामा आत बसून हसत होता, ऐकू काहीच येत नव्हतं. कौतुक ऐकायला म्हणून त्याने गाडी बंद केली, ऐकलं, आणि पुन्हा चावी फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. चाचांनी वाकून स्टार्टरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "लालबुंद झालाय. ह्यो आता थंड होईस्तवर उठायचा न्हाई."

तासाभराने गाडी चालू झाली. म्हणजे गार असली की चालायची, तापून एकदा बंद केली की हटून बसायची. चाचा म्हणाले, पुण्याहून अस्बेस्टॉसची दोरी आणा, नळीला गुंडाळू, धग अडेल. पण मामाला पुण्याची दोरी कशाला? त्याच्याकडे घरचा इलाज होता. दुसऱ्या दिवशी तो कवठ्याहून काळं कुळकुळीत कोरं घोंगडं घेऊन आला आणि त्याच्या पट्ट्या फाडायला बसला.

"लोकर जळंल," चाचा म्हणाले.

"लोकर जळत न्हाई," मामा म्हणाला. "आमच्या सात पिढ्या शेकोटीला टेकून घोंगडं पांघरून निजल्यात. कोन जळलंय? ऊन अडवतंय, पानी अडवतंय, धग काय अडवायची न्हाई?"

चाचांनी एवढ्या पिढ्यांना हात जोडले. आणि मामाचं म्हणणं तसं खरंही होतं. लोकर भडकून पेटत नाही. ती नुसती करपते, आणि करपताना सगळ्या जगाला कळवते. पट्ट्या भिजवून, पिळून, तारेने आवळून नळ्यांना गुंडाळल्या. माझ्या हळदीच्या दिवशी उरलेली हळद मामीने बॉनेट उघडून त्या घोंगड्याला लावली. गाडीला आणि मला एकच हळद लागली.

आणि घोंगडं चाललं! गाडी तापवून बंद केली, आणि चावी दोन-तीनदा फिरवल्यावर ती कुरकुरत का होईना उठली. मामाने स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे पाणावलेले होते, आणि या खेपेला ते धुराने नव्हते. थोडा वास येत होता. "नवं हाय," मामा म्हणाला, "जाईल."

लग्न दुपारी शिरूरच्या कार्यालयात लागलं. मंगलाष्टकांना मामा रीतीप्रमाणे माझ्या पाठीशी उभा होता, पण त्याचं चित्त गाडीत होतं. जेवणं उरकल्यावर तो गाडी घेऊन पंपावर गेला, कारण कवठ्याहून शिरूरला येण्यातच टाकी तळाला गेली होती. तो परत आला आणि कार्यालयाच्या दारात गाडी लावली, ती चालूच. उन्हात तापलेली, हेडर लाल, घोंगड्याचा भरवसा किती धरायचा? पाठवणीच्या तोंडावर ती टक् म्हणाली असती तर? मामाने ती जोखीम घेतली नाही.

माझ्या चुलत्यांनी पाठवणीला गजीचे, म्हणजे धनगरी नाचाचे ढोल आणले होते. त्यांनी थोडा वेळ टक्कर दिली आणि ढोल खाली ठेवले. पाठवणीला रडणं ही आमच्याकडे ऐकायची गोष्ट असते. कोण मनापासून रडलं, कोणती चुलती नुसतीच नाक ओढत होती, याच्यावर बायकांचा पुढचा महिना निघतो. त्या दिवशी कोणाचंच रडणं कोणाला ऐकू येईना. एक-दोघींनी आवाज चढवून पाहिला, मग नाद सोडला. आप्पा मामाच्या कानाशी जाऊन ओरडले, "पाव्हणं, जरा बंद करा की!"

मामा त्याहून जोरात ओरडला, "बंद केली आन् उठली न्हाई तर? मंग काय टेम्पो बोलवू, दाजी?"

आप्पा मागे सरले. मामाला असं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. त्याला कोणाची वाहवा नको होती, हे मला तिथे कळलं. आपल्या बहिणीने पुन्हा एकदा दारात गाडीची वाट बघत उभं राहू नये, एवढंच त्याला हवं होतं.

दोन दरवाज्यांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून रांगत आत शिरायचं. तशी मी शालू, मुंडावळ्या आणि हिरव्या चुड्यासकट रांगत सासरी निघाले. माझ्या मागून रेल्वे रांगत आली. आई खिडकीशी आली. काचेच्या कडेला धरून उभी राहिली आणि काही तरी म्हणाली. तिचे ओठ हलले तेवढे दिसले. मी जोरात मान हलवली. नवरीने अशा वेळी मान हलवायचीच असते. नीट राहा, सगळ्यांचं ऐक, उलटून बोलू नकोस, ही शिकवण पाठच असते, ऐकू आली काय आणि नाही काय. शेवटचं कलम तर मला लहानपणापासून रोज मिळत होतं. मामाने पाय दाबला आणि कार्यालय मागे गेलं.

रस्त्याला माणसं खरंच उभी राहिली. न्हावऱ्याच्या चौकात तर दुकानातून उठून बाहेर आली. काही कानांवर हात ठेवून होती, एकाची म्हैस दावं तोडून पळाली, पण उभी राहिली. मामा आरशातून मागे माझ्याकडे बघून मान डोलवत होता. मग पारगावच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून निळसर धूर यायला लागला, आणि त्याच्या पाठोपाठ वास.

माझा नवरा तोवर माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. नवरा म्हणून त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, "कसला वास येतोय?" आणि बायको म्हणून माझं पहिलं उत्तर, "घोंगडीचा." आमच्या संसारात गोडगोड बोलण्याची प्रथा पडली नाही, त्याचं मूळ तिथे असावं.

भीमेच्या पुलावर मामाने गाडी उभी केली, चालूच ठेवून. बॉनेट उघडलं आणि पाण्याचा कॅन घोंगड्यावर रिकामा केला. जळक्या लोकरीचा वास वाईट असतो, पण जळक्या आणि ओल्या लोकरीच्या वासाला तोड नाही. तो आमच्या कपड्यांत, केसांत, हारातल्या फुलांत बसला. मामा पुन्हा बसला आणि दौंडपर्यंत मागे न बघता चालवत राहिला. हेडर शेवटपर्यंत टिकले, हे चाचांच्या कामाविषयी सांगितलं पाहिजे. गाडी एकदाही अडली नाही.

दौंडला सासरच्या दारात गाडी उभी राहिली, आणि मामाने मोठ्या समाधानाने चावी फिरवून ती बंद केली. सबंध आळी एकदम शांत झाली. त्या शांततेत सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे वाकल्या, थबकल्या, आणि म्हणाल्या, "अगं बाई, मागं मेंढरं आणलीत का काय?"

लोक हसले. सासूबाईही हसल्या. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, त्यांना टेम्पोची गोष्ट माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मला त्यांचा जो राग आला, तो अजून थोडा शिल्लक आहे. कारण मामा हसला नाही. तो चावी हातात धरून गाडीच्या बॉनेटकडे बघत राहिला. जेवायला म्हणाले तर नको म्हणाला. गाडी गार होईपर्यंत दारात उभा राहिला आणि निघून गेला.

पुढे ती गाडी चाळीतच राहिली. मग नगरकडच्या एका वरातीवाल्याने नेली आणि तिच्यात डिझेल इंजिन घातलं. मामाने चौकशी केली नाही. पण आमच्या शिरूरच्या घरी आला की चहा पिऊन झाल्यावर, उठता उठता, एक वाक्य ठरलेलं असायचं, "आक्के, चुकलंच माझं. तुला मेंढरात धाडली, आन् पोरीला बी मेंढराच्या वासात." आई त्यावर काहीच बोलायची नाही. कपबशी उचलून आत जायची. मला ते तिचं गप्प बसणं कठोर वाटायचं.

एकदा दिवाळीला मी माहेरी होते. मामा आला, ते वाक्य म्हणाला आणि गेला. मला राहवलं नाही. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिला टोचून विचारलं, त्याला एक शब्द बरा बोलायला काय होतं? आईने मेथीची पुढची जुडी सोडली, तेव्हा मीच विषय बदलला. म्हटलं, "पाठवणीला खिडकीशी येऊन तू काय म्हणत होतीस गं? मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

आईने हातातली काडी मोडली. "म्हनलं, जाऊ नगंस."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती खाली बघून पानं खुडत होती.

"अगं, मी तर मान हलवली!"

"व्हय की. जाऊ नगंस म्हनलं, तर तू व्हय म्हनलीस." ती जरा हसली. "तेवढ्यावर ते पयलं वरीस काढलं मी."

"असं म्हणतात का पाठवणीला?"

"न्हाईच म्हनत. साऱ्या बाया कान लावून उभ्या असत्यात. कुठल्या आईला म्हनता येतंय? तुझ्या मामाची गाडी चालू व्हती, म्हणून म्हनता आलं."

मग मला मामा आठवला. मी म्हटलं, "मग त्याला सांग की हे! किती वर्षं जळतोय तो. त्याच्या गाडीने एवढं केलं तुझ्यासाठी."

आईने मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या.

"कसं सांगू?" ती म्हणाली. "त्यानं जल्मभर तुला धाडायची तयारी केली, आन् मी त्याच्याच गाडीला धरून म्हनत व्हते, जाऊ नगंस."